सात सेकंदांचा ठेका आणि वादकाचे नाव



अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात ‘द विन्स्टन्स’ नावाचा एक बँड होता. १९६९ साली त्यांची एक छोटी तबकडी बाजारात आली. तिच्या पहिल्या बाजूचे ‘कलर हिम फादर’ हे गाणे गाजले. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना त्याबद्दल ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. मागची बाजू भरून काढायला एक वाद्यसंगीत घातले होते, ‘अमेन, ब्रदर’. त्याच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हे ड्रमवादक एकटेच चार आवर्तने वाजवतात. जेमतेम सात सेकंद. पहिल्या दोन आवर्तनांत ठेका सरळ चालतो, तिसऱ्यात एक आघात आपली जागा सोडून किंचित उशिरा पडतो, चौथे आवर्तन रिकाम्या जागेने सुरू होते आणि अपेक्षेच्या आधीच झांज कडाडते.

हे सात सेकंद पुढे हजारो गाण्यांत वाजले. १९८६ साली डीजेंसाठी काढलेल्या एका संकलनात ते आले आणि अमेरिकी रॅप संगीताने ते उचलले. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस हे नृत्यसंगीताचे दोन प्रकार जवळजवळ याच ठेक्यावर उभे राहिले. कोलमन २००६ साली अटलांटात वारले. अखेरच्या काळात त्यांना राहायला घर नव्हते. या ठेक्याचा एक पैसाही त्यांना कधी मिळाला नाही. स्पेन्सर यांना आपल्या तबकडीचे काय झाले आहे हे कळले तेच १९९६च्या सुमारास, आणि तोवर अमेरिकी कायद्याने दाव्यासाठी दिलेली मुदत बहुतेक ठिकाणी उलटून गेली होती. २०१५ साली ब्रिटनमधल्या संगीतप्रेमींनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड त्यांच्या हाती दिले. कोलमन ते पाहायला नव्हते.

संगणकावर ध्वनीचे तुकडे जुळवून केलेली संगीतरचना हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या कामाबद्दल दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. दुसऱ्याने वाजवलेले तुकडे जुळवणाऱ्याला संगीतकार म्हणायचे का, हा पहिला. ज्याने मुळात वाजवले त्याचे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर स्वच्छ ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्यात मात्र जग अजून मागे आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ते देण्याची वेळ आत्ताच आहे.

हे काम संगणकाहून जुने. १९४४ साली कैरोमध्ये हलीम अल-दब्ब या तरुणाने तारेवर ध्वनिमुद्रण करणारे जड यंत्र उसने मिळवले आणि ‘झार’ या बाधा उतरवण्याच्या विधीतले बायकांचे गाणे टिपले. मग रेडिओ केंद्रात बसून त्याने त्यातले काही स्वर गाळले, प्रतिध्वनी मिसळला, आणि मूळ गाणे ओळखूही येणार नाही अशी रचना तयार केली. चार वर्षांनी पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओचे अभियंते पिएर शेफर बातिन्योल स्थानकावर गेले. वाफेच्या इंजिनांचे उसासे, शिट्ट्या, डब्यांची खडखड त्यांनी तबकड्यांवर घेतली. तबकडीची खाच सर्पिल असते, म्हणून सुई पुढे सरकते. शेफर यांनी खाच वर्तुळासारखी बंद करून टाकली. सुई तिथेच फिरत राही आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजे. आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असणाऱ्या ‘लूप’चा हा पूर्वज. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांची रेल्वेवरची रचना फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाली. जेमतेम तीन मिनिटांची ती रचना ऐकताना आधी गाडी ऐकू येते. मग हळूहळू गाडी मागे पडते आणि लय तेवढी उरते.

लंडनमध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर यांनी १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे शीर्षकसंगीत घडवले. चाल रॉन ग्रेनर यांची. पण ती वाजवली कुणीच नाही. छेडलेल्या एका तारेचा आवाज टेपवर घेऊन, टेपचा वेग बदलून त्यातून वेगवेगळे स्वर काढायचे, प्रत्येक स्वराची टेप मोजून कात्रीने कापायची आणि एकापुढे एक चिकटवायची, असे ते काम होते. गणित आणि संगीत या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतलेल्या डर्बीशायर यांना टेपचा किती इंच तुकडा म्हणजे किती मात्रा हे हिशोबाने माहीत होते. बेसूर किंवा बेताल तुकडा सापडला की पुन्हा कात्री. ज्यांना हे काम सोपे वाटते त्यांनी एवढा एकच प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

कात्रीची जागा आकड्यांनी घेतली ती अशी. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. हा दाब ठरावीक अंतराने मोजून प्रत्येक मोजमापाचा आकडा लिहून ठेवला, तर त्या आकड्यांवरून तोच ध्वनी पुन्हा उभा करता येतो. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदात अशी ४४,१०० मोजमापे असतात आणि प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमने संगणकाकडून १७ सेकंदांचे संगीत वाजवून घेतले, तेव्हा आकड्यांतून सूर निघू शकतो हे सिद्ध झाले. १९७९ साली सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी ‘फेअरलाइट’ हे यंत्र बाजारात आणले. कुठलाही आवाज त्यात भरावा आणि पेटीसारख्या पट्ट्यांवर वाजवावा. किंमत इतकी की केट बुश, पीटर गॅब्रिएल यांच्यासारख्या मोजक्या कलावंतांनाच ते परवडे.

गंमत सुरू झाली ती स्वस्त यंत्रे आल्यावर. १९८७ साली ‘ई-म्यू एसपी-१२००’ हा सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणारे यंत्र, निघाला. त्याच्या स्मरणात एकूण फक्त दहा सेकंदांचा ध्वनी मावे. न्यूयॉर्कच्या मुलांनी यावर तोड काढली. ३३च्या वेगाची तबकडी ४५च्या वेगाने फिरवायची, तो घाईतला, चढ्या पट्टीतला आवाज यंत्रात भरायचा आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवायचा. दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंद बसत. या उतरवण्यात आवाजाला खरखर येई, कडा झिजत, ढोल जाडजूड होई. त्या दशकातल्या हिप-हॉपला जो रांगडा नाद आहे तो बराचसा या काटकसरीतून आला. आज कोट्यवधी सेकंद साठवणारी सॉफ्टवेअर्स तोच दोष मुद्दाम तयार करण्यासाठी स्वतंत्र बटणे देतात.

त्याच वर्षी, १९८७ साली, जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्की यांनी ‘अमिगा’ या घरगुती संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो बाजारात चालला नाही, पण युरोपातल्या शाळकरी मुलांनी तो उघडून, दुरुस्त करून, सुधारून घरोघर पोचवला. पडद्यावर चार उभे रकाने. चार रकाने म्हणजे एका वेळी वाजणारे चार आवाज. प्रत्येक पानावर ६४ ओळी. ओळीत लिहायचे ते स्वराचे नाव, सॅम्पलचा क्रमांक आणि तो कसा वाजवायचा याची आज्ञा. गाणे सुरू केले की ओळी खालून वर सरकत जातात. चार ओळींची एक मात्रा धरली तर ६४ ओळींत १६ मात्रा बसतात, म्हणजे तीनतालाचे बरोबर एक आवर्तन. झपताल हवा असेल तर चाळिसाव्या ओळीवर ‘पुढच्या पानावर जा’ ही आज्ञा लिहावी. रूपकाला अठ्ठाविसाव्या ओळीवर. भातखंड्यांच्या स्वरलिपीत बंदिश लिहिलेल्या विद्यार्थ्याला ही वही परकी वाटणार नाही. फरक एवढाच की ती लिहिताक्षणी वाजते, आणि त्या फायलीत गाणे आणि वाद्ये दोन्ही असतात. कुणाचीही फाइल उघडावी आणि रचना ओळीओळीने वाचावी. पुस्तकाशिवाय, गुरूशिवाय एक पिढी अशी शिकली.

प्रत्यक्ष काम कसे चालते? कोलमन यांचाच ठेका घेऊ. सॉफ्टवेअरमध्ये तो लाटेसारख्या आकृतीत दिसतो. जिथे आघात आहे तिथे उंच शिखर. रचनाकार प्रत्येक शिखराच्या आधी कापतो. चुकीच्या जागी कापले तर टक असा आवाज येतो, म्हणून लाट शून्यरेषा ओलांडते तो बिंदू गाठावा लागतो. आता सात सेकंदांचे पंचवीस-तीस तुकडे झाले. एकात ढोलाचा ठोका आहे, पण त्याच्या मागे झांजेची शेपटी लोंबते आहे. दुसऱ्यात खोलीची गुंज आहे. हे तुकडे नव्या क्रमाने मांडायचे. वेग वाढवला की पट्टीही चढते. दुप्पट वेगाने सूर थेट वरच्या सप्तकात जातो. पट्टी न बदलता लांबी बदलायची असेल तर सॉफ्टवेअर ध्वनीचे अतिसूक्ष्म कण करते आणि कण दुप्पट करून किंवा गाळून लांबी जुळवते. जुन्या अकाई सॅम्पलरवर हे करताना आवाजाला धातूसारखी झिलई येई. लंडनच्या मुलांना ती आवडली आणि ती त्यांच्या संगीताची ओळख झाली. इथे सूर कुणी वाजवलेला नाही, पण कुठला तुकडा, कुठल्या जागी, किती उशिरा, किती हळू, आणि कुठे काहीच नको, हे शेकडो निर्णय एका कानाने घेतलेले आहेत. संगीत संयोजकाला ज्या बुद्धीसाठी मान मिळतो तीच ही बुद्धी.

डेट्रॉइटचे जेम्स यान्सी, म्हणजे जे डिला, यांच्याकडे ही बुद्धी विलक्षण होती. यंत्र प्रत्येक ठोका जागेवर ओढून बसवते. डिला यांनी ती सोय बंद ठेवली. त्यांचा ढोल बोटांच्या ओघात किंचित मागे रेंगाळतो, बाकीची वाद्ये किंचित पुढे धावतात, आणि दोहोंच्या ओढीत लय जिवंत होते. २००६ साली बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचा अकाई एमपीसी हा सॅम्पलर आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. कॅलिफोर्नियाच्या डीजे शॅडो यांनी १९९६ साली ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा अल्बम जवळजवळ पूर्णपणे जुन्या तबकड्यांतल्या तुकड्यांवर बांधला. संपूर्ण सॅम्पलवर उभा असलेला पहिला अल्बम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

भारतीय संगीताला ही पद्धत सहज मानवत नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पियानोचा स्वर एकदा टिपला की तो पुष्कळसा तसाच वापरता येतो. पण तबल्याचा ‘धा’ म्हणजे दायाचा ‘ना’ आणि बायाचा ‘गे’ एकत्र, आणि त्या ‘गे’वर मनगटाचा दाब सरकला की सूर वर चढतो. तो कुठून कुठे चढेल हे पुढच्या बोलावर ठरते. ‘तिरकिट’मधला ‘ट’ एकटा टिपला तर निर्जीव लागतो, कारण हाताला तिथवर येण्याची गती त्यात नसते. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बोलाची हळू, मध्यम, जोरकस अशी अनेक ध्वनिमुद्रणे असतात आणि ती आलटून पालटून वाजतात. तरी तबल्याचा कायदा रंगात आला की कान फसत नाही. सतार, सारंगी आणि गळा यांचे तर सारे वैभव दोन स्वरांच्या मधल्या मींडेत आहे. देवीच्या जागरातल्या चौंडक्याचीही हीच गोष्ट: तार ओढत-सोडत त्याचा सूर जो घुमतो, त्याचा एक तुकडा कापून घेतला तर हाती फक्त ‘टंग’ येते. तंबोरा मात्र बऱ्यापैकी उतरतो, आणि म्हणून मोबाइलमधला तंबोरा आज शिकणाऱ्यांच्या घराघरांत पोचला आहे. पण एकच टिपलेली तार सगळ्या पट्ट्यांत ताणली तर जवारी बिघडते. प्रत्येक पट्टीसाठी वेगळा तंबोरा लावून टिपावा लागतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ॲपमधला तंबोरा कुणी घडवला, जवारी कुणी काढली, हेही त्या ॲपमध्ये लिहिलेले असायला हवे.

भारताचा या इतिहासातला मोठा सहभाग वेगळ्याच दाराने झाला. तुकडे उचलणारे परदेशी होते आणि आवाज इथले. १९८१च्या ‘ज्योती’ चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’ हे लता मंगेशकरांनी गायलेले, बप्पी लाहिरींनी बांधलेले गाणे. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात ते परवानगीशिवाय आले आणि ते गाणे तिथे गाजले. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. २००३च्या फेब्रुवारीत न्यायालयाने सांगितले की लाहिरींचे नाव छापल्याशिवाय हा अल्बम विकता येणार नाही. त्याच सुमाराला ब्रिटनी स्पीअर्सचे ‘टॉक्सिक’ आले. त्यातले अंगावर धावून येणारे व्हायोलिन ‘एक दूजे के लिए’ या चित्रपटातल्या ‘तेरे मेरे बीच में’ या लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातले आहे. ‘टॉक्सिक’ला २००५ साली ग्रॅमी मिळाला. प्यारेलाल स्वतः व्हायोलिन शिकले ते गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, आणि मुंबईच्या स्टुडिओंतल्या व्हायोलिनच्या रांगा अनेक वर्षे मोठ्या प्रमाणात गोवेकर वादकांनी भरलेल्या असत. जगभर वाजलेले ते सूर नेमक्या कुणाच्या गजाने काढले ते तबकडीवर लिहिलेले नाही. संगीतकार आणि गायक यांची नावे तरी होती. रांगेतल्या वादकाचे नाव घेण्याची प्रथाच नव्हती. याच वादकांची कामे पुढे सॅम्पल भरलेल्या कीबोर्डांनी कमी केली.

असे तुकडे उचलण्याबाबत कायदा गोंधळलेला आहे. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध निकाल देताना सॅम्पलिंगला सरळ चोरी ठरवले. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे लागू लागले, आणि शंभर तुकड्यांचे गाणे करणे नवख्याच्या आवाक्याबाहेर गेले. २००५ साली एका अमेरिकी अपील न्यायालयाने तुकडा कितीही लहान असला तरी परवाना हवाच असे म्हटले. २०१६ साली दुसऱ्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या ‘व्होग’मधला पाव सेकंदाहून लहान तुकडा नगण्य मानून सोडून दिला. यातला मोठा तोटा असा की परवान्याचे पैसे बहुधा ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जातात, वाजवणाऱ्याकडे नाही. भारतात प्रताधिकार कायदा १९५७चा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षे चालतो. २०१२च्या दुरुस्तीने मात्र एक मोलाची गोष्ट केली: कलावंताला आपले नाव लावून मागण्याचा हक्क दिला. हा हक्क गावोगावच्या वादकांना अजून ठाऊक नाही.

यावर तोडगा निघतो आहे, तो तयार ध्वनिसंचांचा. वादकाला स्टुडिओत बोलावून, पैसे देऊन, मुद्दाम तुकड्यांसाठीच वाजवून घ्यायचे आणि संच विकायचा. रिहानाच्या २००७ सालच्या ‘अम्ब्रेला’चा ढोल अ‍ॅपलच्या ‘गॅरेजबँड’ या सॉफ्टवेअरमध्ये आयता मिळणाऱ्या संचातला आहे. कुणालाही तो वापरता येतो. व्हिएन्नातल्या वादकांनी वाजवलेले संपूर्ण ऑर्केस्ट्राचे संच आज जगभर चित्रपटसंगीताचा कच्चा खर्डा करायला वापरले जातात. खर्डा करायला, कारण अजय-अतुल यांना ‘सैराट’साठी तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्याचा एकत्र श्वास हवा होता तेव्हा ते हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन खऱ्या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले. सॅम्पल आणि वादक यांत एकाचीच निवड करण्याची सक्ती नाही. चांगला संगीतकार दोन्हींचे बळ ओळखतो.

आपल्याकडे वरातीतल्या बँजो पार्टीपासून लावणीच्या फडापर्यंत ऑक्टोपॅड हे साठवलेले आवाज वाजवणारे यंत्र पोचले आहे. त्यात भरलेली ढोलकी, हलगी, ताशा, संबळ कुणीतरी कधीतरी वाजवलेली आहे. हे आवाज पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतात आणि फायलीवर ‘ढोलकी ३’ एवढेच लिहिलेले असते. गोंधळी समाजातल्या जुन्या संबळवादकांचा, पोतराजांच्या हलगीचा, शाहिरांच्या डफाचा हात अजून टिपता येण्यासारखा आहे. घरातला संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यात ते काम होते. पूर्वी आकाशवाणी करू शके ते आज तालुक्याच्या गावातला तरुण करू शकतो.

म्हणून इथे बसलेल्या तरुण संगीतकारांना, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना आणि संगीत महाविद्यालयांना एक विनंती आहे. तुकडे कापा, उलटे करा, ताणा, नव्या तालात बसवा. ते अस्सल संगीतकाम आहे आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. पण वादकासमोर मायक्रोफोन ठेवण्याआधी त्याला मराठीत एक पान लिहून द्या: हे तुकडे कोण वापरणार, आज किती पैसे, पुढे विकले गेले तर किती वाटा. प्रत्येक फायलीच्या नावात वाद्य, वादक, गाव आणि वर्ष घाला. गाणे प्रसिद्ध कराल तेव्हा ती नावे गायकाच्या नावाखाली छापा. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी अशा नावासकट जपलेल्या ध्वनींचा एक खुला संग्रह सुरू करावा, आणि त्याची सुरुवात ज्यांचे वय आज सत्तरीपुढे आहे त्या संबळ आणि हलगी वादकांपासून याच वर्षी करावी.